बँडेज आपलं, सातबारा कुणाचा? परदेशी वितरकाच्या मदतीनं आरोग्य-उत्पादन बाजारात उतरवताना

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक कारखानदार आहेत. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. वडिलांच्या काळात चादर, मग टॉवेल, आणि गेली काही वर्षं गॉज म्हणजे जखमेवरचं जाळीदार कापड, रोलर बँडेज, क्रेप बँडेज. एका प्रदर्शनात त्यांना आखातातला एक व्यापारी भेटला. माल त्याला पसंत पडला. म्हणाला, "तुम्ही फक्त कागद द्या, आमच्याकडची नोंदणी मी माझ्या खर्चानं करतो." अण्णा खूश झाले.

दोन वर्षं माल नीट गेला. तिसऱ्या वर्षी त्यानं भाव पाडून मागितला. अण्णांनी त्याच देशात दुसरा माणूस शोधला, आणि तेव्हा कळलं की तिथे त्यांच्या बँडेजची नोंदणी पहिल्याच्या नावावर आहे. तो सही देत नाही तोवर दुसऱ्या कुणाला तो माल बंदरात उतरवता येणार नव्हता. नवी नोंदणी होईपर्यंत सव्वा वर्ष गेलं.

"रान माझं, पीक माझं, आणि सातबारा त्याच्या नावावर," अण्णा म्हणाले.

मी लहान कारखानदारांच्या निर्यातीची कागदपत्रं बघतो. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं अण्णांच्या त्या एका वाक्याभोवतीच फिरतं. चादर परदेशी विकायला गिऱ्हाईक मिळालं की पुरतं. बँडेज, सिरिंज, औषध, आयुर्वेदिक गोळी विकायची तर त्या देशाच्या सरकारची परवानगी लागते, आणि बहुतेक ठिकाणी परदेशी कारखानदाराला ती स्वतः मागता येत नाही. स्थानिक प्रतिनिधी लागतो. वितरकाची खरी ताकद त्याच्या गोदामात किंवा गाड्यांत नसते, ती इथे असते.

आधी घरचा परवाना

परवाना देणाऱ्या परदेशी सरकारी खात्याचा पहिला प्रश्न असतो: तुमच्या देशात हे विकायला परवानगी आहे का? म्हणून सुरुवात इथून.

बँडेज म्हणजे कापड, त्याला कसला परवाना, असं अजून काही मागवाल्यांना वाटतं. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनं १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्यानं 'औषध' या व्याख्येत आली. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे त्यांचे अ, ब, क, ड असे जोखमीनुसार चार वर्ग आहेत. अ आणि ब वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून, क आणि ड ला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. पहिल्या दोन वर्गांचा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, वरच्या दोन वर्गांचा केंद्राची औषध-नियंत्रण संस्था, सीडीएससीओ. अ वर्गातलं जे उपकरण निर्जंतुक केलेलं नाही आणि मोजमापही करत नाही, त्याला परवान्यातून सूट आहे, पण सरकारी पोर्टलवर नोंदणी करावीच लागते.

वर्ग ठरतो तो उपयोगावरून. एकाच मागावरून उतरलेलं गॉज जखमेवर बाहेरून बांधायला विकलं तर एक वर्ग, आणि तेच निर्जंतुक करून शस्त्रक्रियेत पोटाच्या आत रक्त टिपायला विकलं तर दुसरा. युरोपात यातलं पहिलं सर्वांत खालच्या वर्गात बसतं, दुसरं त्याच्या वर जातं, आणि मग बाहेरच्या तपासणी संस्थेशिवाय भागत नाही. कापड तेच, पण वेष्टनावरच्या एका ओळीनं खर्च कितीतरी पट वाढतो. वितरक म्हणाला, "'सर्जिकल यूज' लिहा, जास्त खपेल," तर लगेच हो म्हणू नका. अगोदर त्या देशाच्या नियमावलीत आपला उपयोग कुठे बसतो ते बघा.

आता खास आपल्या गावासाठी. टॉवेलचं ब्लीचिंग करणाऱ्या प्रोसेस हाउसमध्येच गॉज टाकायची सवय अनेकांना आहे. टॉवेल पांढराशुभ्र दिसावा म्हणून तिथे चमक आणणारं रसायन, ऑप्टिकल ब्राइटनर, घातलेलं असतं. शोषक गॉजला ते चालत नाही. प्रयोगशाळा अतिनील दिव्याखाली कापड धरते आणि ते निळसर चकाकलं की अख्खा लॉट नापास होतो. शोषकतेचीही चाचणी आहे: कापड पाण्यावर सोडलं की १० सेकंदांच्या आत बुडलं पाहिजे. विणण्याआधी सुताला लावलेली साइझिंगची खळ नीट निघाली नसेल तर ते तरंगत राहतं. हे घरच्या बादलीतही बघता येतं. वितरकाला नमुना पाठवण्याआधी एवढं तरी बघा. पहिला नमुना नापास झाला की त्या माणसाचा फोन पुन्हा येत नाही.

याच्या जोडीला आयएसओ १३४८५ हे गुणवत्ता व्यवस्थेचं प्रमाणपत्र लागतं. भारतात सगळ्यांना ते कायद्यानं सक्तीचं नसलं तरी बहुतेक परदेशी वितरक पहिल्याच मेलमध्ये मागतात. ते देणारी संस्था मान्यताप्राप्त आहे का ते तपासा. पंधरा दिवसांत घरपोच येणारी प्रमाणपत्रं परदेशी तपासनीस नावावरूनच ओळखतात.

देश निवडताना

"तिकडे खप किती" हा प्रश्न सगळे विचारतात. मी आधी विचारतो: तिथे परवाना कुणाच्या नावावर निघतो, आणि तो दुसऱ्याकडे वळवता येतो का? काही उदाहरणं सांगतो.

नायजेरियात नाफडॅक हे खातं औषधं आणि वैद्यकीय उपकरणं नोंदवतं. अर्ज तिथला प्रतिनिधी करतो, आणि त्याला तुम्ही मुखत्यारपत्र द्यावं लागतं. सोबत तुमच्या देशातल्या खात्यानं दिलेलं उत्पादन व खुल्या विक्रीचं प्रमाणपत्र, तेही नायजेरियाच्या वकिलातीकडून साक्षांकित केलेलं. नोंदणी पाच वर्षं चालते. मुखत्यारपत्रात काय लिहिलंय यावर पुढचं सगळं ठरतं, त्याकडे खाली येतो.

केनियात हे काम फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाकडे आहे, टांझानियात टीएमडीएकडे. दोन्ही देशांत सरकारी खरेदीसाठी स्वतंत्र संस्था आहेत, केनियात केम्सा आणि टांझानियात मेडिकल स्टोअर्स डिपार्टमेंट. बँडेजसारख्या मालाचा मोठा खप अशा टेंडरांत असतो. तेव्हा तिथे वितरकाला टेंडर भरण्याचा अनुभव आहे का, हा प्रश्न दुकानांच्या जाळ्यापेक्षा महत्त्वाचा.

सौदी अरेबियात एसएफडीए हे खातं आहे. तिथे परदेशी उत्पादकाला 'अधिकृत प्रतिनिधी' नेमावा लागतो, आणि तो तुमचा वितरकच असला पाहिजे असं नाही. दोन भूमिका वेगळ्या ठेवता येतात, आणि मला ही सोय फार मोलाची वाटते. युरोपातही तसंच. २६ मे २०२१ पासून लागू असलेल्या वैद्यकीय उपकरण नियमात अधिकृत प्रतिनिधी, आयातदार आणि वितरक या तिघांच्या जबाबदाऱ्या वेगवेगळ्या कलमांत मांडल्या आहेत. युरोपचा खर्च मात्र पहिल्या पावलाला झेपणारा नसतो. अमेरिकेचं मी लहान कारखान्याला सुचवतच नाही.

अमिरातीबद्दल एक इशारा. तिथे व्यापारी एजन्सीचा वेगळा कायदा आहे. १९८१ च्या जुन्या कायद्यात सरकारदरबारी नोंदवलेल्या एजंटला इतकं संरक्षण होतं की त्याला हलवणं जवळजवळ अशक्य व्हायचं. २०२२ चा नवा कायदा जून २०२३ पासून लागू झाला आणि बंधनं बरीच सैल झाली. तरी करारात स्पष्ट लिहा की हा करार व्यापारी एजन्सी म्हणून नोंदवला जाणार नाही. आपल्याकडच्या कूळकायद्याची आठवण असलेल्या कुठल्याही शेतकरी घराला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

आणि देश एकच निवडा. अण्णांच्या शेजारच्या गाळ्यातल्या एका तरुणानं एकदम सहा देशांत अर्ज घातले. आज त्याच्याकडे सहा अर्धवट फायली आहेत.

माणूस शोधणं आणि पारखणं

वितरक भेटतात ते प्रदर्शनांत. जर्मनीत डुसेलडॉर्फला दर नोव्हेंबरात मेडिका भरतं. दुबईचं अरब हेल्थ आता डब्ल्यूएचएक्स दुबई या नावानं भरतं आणि आफ्रिकेतले खरेदीदारही तिथे येतात. स्टॉल घेण्याआधी एकदा नुसतं फिरून या. आपल्यासारखाच माल विकणाऱ्यांच्या स्टॉलवर कोण बसतं, कुठल्या देशाच्या पाट्या गळ्यात आहेत, हे बघण्यातच अर्धं काम होतं.

नाव हाती आलं की पहिला आठवडा फक्त तपासणीचा. त्याच्याकडे वैद्यकीय माल आयात करण्याचा चालू परवाना आहे का? प्रत मागवा, आणि त्या देशाच्या खात्याच्या वेबसाइटवर स्वतः पडताळा. नाफडॅकची नोंदणीकृत उत्पादनांची यादी 'ग्रीनबुक' नावानं सगळ्यांना खुली आहे. तिथे त्याच्या कंपनीचं नाव घालून बघा, किती उत्पादनं आहेत आणि कुणाची. तुमच्याच मालाशी स्पर्धा करणारा चिनी ब्रँड तो आधीपासून विकत असेल तर विचारा, मग माझा कशाला हवाय? कधीकधी उत्तर प्रामाणिक असतं: चिनी माल टेंडरला, तुमचा खासगी रुग्णालयांना. कधीकधी मात्र त्याला तुमची नोंदणी फक्त अडवून ठेवायची असते, म्हणजे बाजारात दुसरं कुणी येणार नाही.

त्याच्याकडून माल घेणाऱ्या दोन रुग्णालयांशी किंवा औषधविक्रेत्यांशी थेट बोला. त्याच्याबरोबर पूर्वी काम केलेल्या आणि आता नसलेल्या एखाद्या भारतीय कंपनीशीही बोला. हा दुसरा फोन सगळ्यांत जास्त सांगून जातो. गोदाम स्वतः बघून या, निदान व्हिडिओ कॉलवर, कॅमेरा त्याच्या हातात नको, तुम्ही सांगाल तिकडे फिरवणाऱ्या कामगाराच्या हातात हवा. माल जमिनीवर टेकलाय की पॅलेटवर आहे, छत गळतंय का, मुदत संपलेला माल वेगळा ठेवलाय का. त्याच्या पैशाची पत तपासायला ईसीजीसी ही सरकारी निर्यात-पतविमा कंपनी आहे. विमा घ्यायचाच आहे, तर त्या खरेदीदाराला किती मर्यादा मिळते हे करारापूर्वीच विचारून ठेवा. ईसीजीसीनं हात आखडता घेतला तर तुम्हीही घ्या.

नोंदणी कुणाच्या नावावर

आता मुख्य मुद्दा. तीन वाटा आहेत.

पहिली, त्या देशात स्वतःचं कार्यालय काढून परवाना स्वतःच्या नावावर घ्यायचा. उत्तम, पण दोन-चार कंटेनरच्या धंद्याला परवडत नाही.

दुसरी, स्वतंत्र प्रतिनिधी. अनेक देशांत फक्त नोंदणीचं काम करणाऱ्या सल्लागार कंपन्या असतात. त्या वार्षिक फी घेतात, माल विकत नाहीत. परवाना त्यांच्यामार्फत निघतो आणि वितरक कितीही बदलले तरी हलत नाही. जिथे कायदा परवानगी देतो तिथे मी हीच वाट सुचवतो. लोक फी ऐकून माघार घेतात, म्हणून एकदा हिशेब करून बघा. समजा, नोंदणीला आणि पाच वर्षांच्या फीला मिळून ४ लाख रुपये आले आणि वर्षाला २ लाख रोल जाणार आहेत. पाच वर्षांत १० लाख रोल, म्हणजे रोलमागे ४० पैसे. अण्णांनी 'फुकट' नोंदणीत वाचवले ते एवढेच.

तिसरी वाट, वितरकाच्याच नावावर नोंदणी. काही देशांत, आणि छोट्या धंद्यात, हीच शक्य असते. मग निदान पुढच्या गोष्टी नोंदणी *सुरू होण्याआधी* हातात घ्या, कारण नंतर त्याला द्यायची गरज उरत नाही. नोंदणीचा खर्च तुम्ही करा, किंवा निम्मा तरी, आणि पावती तुमच्या नावे घ्या. ज्यानं पैसे भरले त्याचा हक्क, हा युक्तिवाद पुढे कामी येऊ शकतो. करार संपल्यावर परवाना तुम्ही सांगाल त्याच्या नावे वळवायला संमती आहे, असं पत्र त्याच्याकडून सही-शिक्क्यानिशी आधीच घेऊन ठेवा, तारखेची जागा त्या देशाच्या वकिलाला विचारून भरा. मुखत्यारपत्राला मुदत घाला. खातं पाच वर्षांची मुदत मागत असेल तर पाच वर्षंच लिहा, 'कायमस्वरूपी' नको. त्यात उत्पादनांची नावं एकेक करून लिहा. 'कंपनीची सर्व उत्पादनं' असं लिहिलं की उद्या तुम्ही काढलेलं नवं प्लास्टरही त्याचंच.

ट्रेडमार्क मात्र कुठल्याही परिस्थितीत स्वतःच्या नावावर. २०१३ पासून भारत माद्रिद व्यवस्थेत आहे, म्हणजे भारतातल्या अर्जाच्या आधारावर एकाच अर्जात अनेक देश निवडता येतात. केनिया त्यात आहे. नायजेरिया नाही, तिथे स्थानिक वकिलामार्फत वेगळा अर्ज करावा लागतो. प्रदर्शनात ब्रँड दाखवण्याआधी हा अर्ज घाला. वितरकानं तुमचं नाव आपल्या नावे नोंदवलं तर तुमचाच माल तिथे 'नकली' ठरू शकतो, आणि असं घडलेलं मी पाहिलं आहे.

वितरक म्हणेल, "माझ्या ब्रँडनं पॅक करून द्या." धंदा म्हणून वाईट नाही. पण मग बाजारातलं नाव त्याचं, आणि उद्या त्यानं तोच डबा भिवंडीहून किंवा चीनमधून भरून घेतला तर गिऱ्हाइकाला कळणारही नाही. माझ्या मते अशा मालावर नफा कमी धरला तरी चालेल, पण आपल्या नावाच्या मालाची एक ओळ त्याच्याबरोबर गेलीच पाहिजे.

फाइल देताना हात राखून

नोंदणीसाठी जी फाइल जाते तिला सगळे डोसियर म्हणतात. त्यात उत्पादनाचं वर्णन, कच्चा माल, प्रक्रिया, चाचण्यांचे अहवाल, निर्जंतुकीकरणाची वैधता, टिकाऊपणाचा अभ्यास, लेबलचे नमुने, जोखमीचं मूल्यमापन असं सगळं येतं. ही तुमची पाककृती आहे. शक्य तिथे फाइल थेट खात्याच्या पोर्टलवर किंवा स्वतंत्र प्रतिनिधीकडे द्या. वितरकाला सारांश पुरतो. द्यावीच लागली तर आधी गोपनीयतेचा करार करा आणि प्रत्येक पानावर त्याच्या कंपनीचं नाव व तारखेचा पुसट शिक्का मारा. फाइल फिरली तर कुणाकडून फिरली ते कळतं.

चाचण्यांत सगळ्यांत जास्त वेळ खातं ते निर्जंतुकीकरण. इथिलीन ऑक्साइड वायूनं केलं तर आयएसओ १११३५ प्रमाणे प्रक्रिया सिद्ध करावी लागते आणि कापडात वायूचा अंश किती राहिला ते मोजावं लागतं. गॅमा किरणांनी केलं तर आयएसओ १११३७. दोन्ही सेवा बाहेरून घेता येतात, पण त्यांचा करार आणि प्रत्येक बॅचचं प्रमाणपत्र तुमच्या फाइलीत हवं. मुदत पाच वर्षं छापायची असेल तर तेवढ्याचा पुरावा हवा. गरम कपाटात वेगानं जुनं करून पाहण्याची पद्धत आहे, सोबत प्रत्यक्ष काळाचा अभ्यासही चालू ठेवावा लागतो.

साक्षांकनाला लोक विसरतात. खुल्या विक्रीचं प्रमाणपत्र, मुखत्यारपत्र, कंपनीचे कागद हे नोटरी, चेंबर ऑफ कॉमर्स, परराष्ट्र मंत्रालय आणि मग त्या देशाची वकिलात अशा पायऱ्यांनी जातात. देश हेग अपोस्टिल करारात, म्हणजे परदेशी कागद एका शिक्क्यावर मानणाऱ्या करारात असेल, जसा सौदी २०२२ पासून आहे, तर वकिलातीची पायरी वाचते. भारत २००५ पासून त्यात आहे. नायजेरियासारखा देश असेल तर सगळ्या पायऱ्या. मुंबई-दिल्लीच्या खेपा सोलापुरातून होतात, दोन महिने सहज जातात. नाव, पत्ता, उत्पादनाचा आकार प्रत्येक कागदावर अक्षरशः एकसारखा हवा. एका कागदावर 'एमआयडीसी, अक्कलकोट रोड' आणि दुसऱ्यावर 'अक्कलकोट रोड एमआयडीसी' एवढ्यावरून फाइल परत आलेली आहे.

करार

वितरक स्वतःचा दोन पानी मसुदा घेऊन येतो. घेऊ नका. मसुदा तुमचा असू द्या, कितीही साधा असला तरी.

एकाधिकार, म्हणजे सोल एजन्सी, प्रत्येक जण मागतो. मी सरसकट नाही म्हणत नाही. नोंदणीसाठी वर्षभर खपणाऱ्या माणसाला थोडं संरक्षण हवंच. पण ते विकत घ्यायला लावा: वर्षाला किमान इतके रोल, पहिल्या वर्षी कमी, पुढे वाढते. तेवढे उचलले नाहीत तर एकाधिकार आपोआप संपतो, करार मात्र चालू राहतो. प्रदेश एकाच देशाचा लिहा. 'पूर्व आफ्रिका' असं लिहिलेलं मी पाहिलंय, त्यात केनियाच्या वितरकानं टांझानिया आणि युगांडा न विकताच अडवून ठेवले होते. किमान उचल लिहिताना आपलीही बाजू बघा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आणि लग्नसराईत कारागीर मिळत नाहीत. त्या महिन्यांतल्या पोचवणीच्या तारखा कबूल करू नका.

टेंडरसाठी तो तुमच्याकडे अधिकारपत्र मागेल, की ही कंपनी आमच्या वतीनं निविदा भरू शकते. प्रत्येक पत्रावर टेंडरचा क्रमांक, उत्पादनांची यादी आणि संपण्याची तारीख घाला. मोघम, बिनमुदतीचं अधिकारपत्र म्हणजे कोरा चेक.

करार मोडण्याचं कलम शेवटी लिहितात आणि सगळ्यात कमी वाचतात. मला ते पहिलं वाचायची सवय आहे. कधी मोडता येईल, किती दिवसांच्या नोटिशीनं, उरलेला माल कोण घेईल, परवाना किती दिवसांत वळवायचा आणि उशीर झाला तर दिवसाला किती भरायचे, हे आकड्यांत हवं. 'परस्पर सामंजस्यानं' हे शब्द दिसले की खोडा. भांडण झालंच तर लवाद ठेवा, आणि त्याचं स्थान मुंबई किंवा एखादं तिसरं शहर. भारत, केनिया, नायजेरिया, अमिराती, सौदी हे सगळे १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आहेत, त्यामुळे लवादाचा निवाडा तिकडे बजावायला वाट असते. इथल्या कोर्टाचा हुकूम घेऊन तिकडे गेलं तर ती वाट फार लांबची.

भाव आणि पैसा

एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढवेपर्यंतचा भाव सांगून मोकळं होऊ नका, दुकानातला भाव काय पडतो ते मोजा. समजा, न्हावा शेवाला जहाजावर चढवेपर्यंत रोल १०० रुपयांना पडला. भाडं-विम्याचे ८, म्हणजे १०८. त्यावर १० टक्के कर धरला तर सुमारे ११९. बंदरातून सोडवणं आणि गोदाम धरून १२५. वितरक त्यावर ३० टक्के चढवणार, १६२. औषधविक्रेता २५ टक्के, २०३. म्हणजे आपला शंभराचा रोल तिथे दुप्पट भावाला विकला जाणार. शेजारच्या कपाटात चिनी रोल १५० ला असेल तर घासाघीस कुठे करायची ते कळतं. बहुतेक वेळा ती वितरकाच्या नफ्यात करायची असते.

पैशाचं सोपं ठेवा. पहिल्या दोन खेपा ३० टक्के आगाऊ आणि बाकी माल जहाजावर चढल्याच्या कागदांवर, किंवा पक्कं एलसी, म्हणजे पैशाची हमी देणारं बँकेचं पत्र. सोलापूरच्या पेठेत चादरीवर तीन-तीन महिन्यांची उधारी चालते, कारण माणूस सहकुटुंब ओळखीचा असतो. तिकडे ती चालवू नका. आयईसी हा आयात-निर्यात क्रमांक, बँकेचा एडी कोड, कर न भरता निर्यात करण्यासाठीचं जीएसटीचं एलयूटी हमीपत्र, शुल्क-परताव्याच्या योजना हे कस्टम एजंट आणि सीए सांभाळतात. कस्टमच्या वर्गवारीत ३००५ या शीर्षकाखाली गॉज-बँडेज येतं एवढं लक्षात ठेवा, कारण कापड म्हणून दुसऱ्या शीर्षकाखाली बिल केलं की नोंदणीच्या कागदांशी ते जुळत नाही आणि कंटेनर तिकडे अडकतो.

पहिली खेप

पहिली खेप लहान पाठवा, अर्धा कंटेनरही नको. लेबल छापण्याआधी त्याची पीडीएफ खात्यानं मंजूर केलेल्या लेबलशी शब्दशः ताडून बघा. बॅच क्रमांक, उत्पादन आणि मुदतीची तारीख, उत्पादकाचा पत्ता, आयातदाराचं नाव, लागेल तिथे अरबी मजकूर. सोलापूरहून न्हावा शेवा सुमारे चारशे किलोमीटर. उन्हाळ्यात बंद कंटेनरच्या आत काय तापमान होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. क्रेप बँडेजमध्ये रबराचा धागा असेल तर तो त्यात मरतो. खेपेत एक तापमान नोंदवणारं छोटं यंत्र टाका, फार महाग नसतं. प्रत्येक बॅचचे नमुने मुदत संपेपर्यंत आपल्याकडे जपून ठेवा.

माल विकल्यानंतर

इथे कारखानदार निर्धास्त होतात. आरोग्य-उत्पादनात विक्रीनंतरच खातं तुमच्याकडे लक्ष ठेवतं. एखाद्या रुग्णाला गॉजनं संसर्ग झाला अशी तक्रार वितरकाकडे आली आणि त्यानं ती महिनाभर दाबून ठेवली, तर त्याचं उत्तर तुम्हालाही द्यावं लागतं. युरोपच्या नियमात गंभीर घटना जास्तीत जास्त १५ दिवसांत कळवावी लागते, मृत्यू झाला असेल तर १० दिवसांत. म्हणून करारात लिहा: कुठलीही तक्रार ४८ तासांच्या आत लेखी, बॅच क्रमांकासह. आणि वितरकानं प्रत्येक बॅच कुणाला विकली याची यादी दर तीन महिन्यांनी पाठवायची. 'माझे गिऱ्हाईक तुम्ही पळवाल' म्हणून तो नकार देतो. मग यादी बंद पाकिटात किंवा स्वतंत्र प्रतिनिधीकडे ठेवू द्या, पण यादी असलीच पाहिजे.

वर्षातून एकदा खोटा रिकॉल, म्हणजे विकलेला माल परत बोलावण्याचा सराव, करून बघा. एक बॅच क्रमांक निवडायचा, वितरकाला मेल करायचा आणि घड्याळ लावायचं: तो माल कुठे कुठे आहे, किती उरलाय, किती वेळात सांगतो. अण्णांनी आपल्या नव्या माणसाबरोबर हा प्रयोग पहिल्याच वर्षी केला. उत्तर यायला सहा दिवस लागले आणि चाळीस पेट्यांचा पत्ताच लागेना. शेवटी त्या गोदामातच, मागच्या भिंतीला, दुसऱ्या कंपनीच्या मालाखाली सापडल्या. दुसऱ्या वर्षी उत्तर एका दिवसात आलं. परवाना या वेळी स्वतंत्र प्रतिनिधीकडे आहे. त्याच्या फीचं बिल दर एप्रिलला येतं, आणि अण्णा ते सगळ्यात आधी भरतात.